माळ पडीक नसतो साहेब: वनमंत्र्यांना खुलं पत्र

मा. वनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी आमच्या गावामागच्या माळावर जेसीबी आला आणि खड्डे खणून गेला. मागच्या वर्षी तुमच्या खात्याने भर ग्रामसभेत शब्द दिला होता की या माळाला हात लावणार नाही. माझ्या अर्जाची आवक शिक्का मारलेली कॉपी अजून माझ्याकडे आहे. आणि खड्डे कशासाठी, तर म्हणे झाडं लावायला!

माळटिटवीचं घरटं म्हणजे उघड्या मुरमावर तीन-चार अंडी, खड्यांसारखीच दिसणारी, माहीतगारालाही पटकन दिसत नाहीत. आठवडाभर मी ती लांबून बघत होतो. आता तिथे मुरमाचा ढीग आहे आणि जोडी त्या ढिगाभोवती ओरडत फिरत होती, माझा पायच निघेना तिथून. रात्री घास उतरला नाही. वीस वर्षं या माळावर फिरतोय, घरचे म्हणतात नाद सोड, पण सोडू कसा?

1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या काढून वाचा. पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हेही शिकारीतच धरलंय. मग गुन्हा कोणावर, पोटासाठी मशीन चालवणाऱ्या पोरावर की त्याला टार्गेट देणाऱ्यावर? लांडगा याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, वाघाच्या बरोबरीने. त्याला मारलं तर 3 ते 7 वर्षं शिक्षा. पण तो जिथे पिल्लं घालतो तो माळच उकरला तर कोणाचं काही वाकडं होत नाही. 2022 च्या गणनेत वाघ 3,682 निघाले, लांडगे देशात तीन हजारांच्या आसपास सांगतात, म्हणजे वाघापेक्षा जास्त नाहीतच. वाघासाठी 1973 पासून प्रकल्प आहे, चांगलंच आहे, पण लांडग्याने कोणाकडे बघायचं?

मूळ दुखणं असंय की झाडं नाहीत म्हणून सरकारी कागदावर माळ 'पडीक'. अहो पवन्या, मारवेल, कुसळी गवत, त्यावर चिंकारा हरीण, चंडोल, धाविक हे पक्षी, मेंढरं घेऊन येणारे धनगर, हे सगळं पडीक? उंदीरमारीची (ग्लिरिसिडिया) झाडं लावून सावली केली की गवत मरतं, गवत गेलं की बाकीचे पण जातात. गवताळ माळावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्याचं काय झालं तेच बघा. त्याच्यासाठी 1979 साली 8,496 चौ. किमी अभयारण्य केलं, त्यात गावं, शेतं सगळं ओढलं, शेतकरी वैतागला, मग कापून 1,222 चौ. किमी केलं. आज त्याच अभयारण्यातल्या, सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. कागदावर एवढा मोठा कायदा आणि जमिनीवर पक्षीच नाही, याचा जाब कोणी दिला का हो कधी? खातं झाडं मोजतं, फोटो वर पाठवतं, संपलं काम.

माझं मागणं फार नाही. पाऊस पडायच्या आत ते खड्डे बुजवा, आमच्या माळावर एकही रोप लावू नका, आणि सातबाऱ्यापासून नकाशापर्यंत जिथे जिथे माळाला पडीक लिहिलंय तिथे गवताळ अधिवास लिहा. अर्ध्या माळावर अजून गवत शिल्लक आहे. जेसीबी सोमवारी परत येणार म्हणालेत, मी तिथेच उभा असेन.

आपला,
माळावरचा एक नागरिक