शाळेचा निकष पटसंख्या नव्हे, वस्ती

मा. संपादक,
स. न.

कमी पटसंख्येच्या सरकारी प्राथमिक शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळेत पाठवण्याचा विषय गोव्यात अधूनमधून निघतो आणि दर वेळी चर्चा खर्चापाशीच अडते. प्राथमिक शाळा सर्वांसाठी का हवी, या मूळ प्रश्नाकडे वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र.

युरोपातील अठराव्या शतकातील प्रबोधनकाळाचा उल्लेख आपण समतेचा उगम म्हणून करतो, पण त्या काळातील सगळे विचारवंत या प्रश्नावर एकमताचे नव्हते. फ्रेंच लेखक व्होल्तेरने १७६३ मध्ये, शेतकामकऱ्यांना शिक्षणापासून दूर ठेवावे असे सुचवणाऱ्या एका लेखकाचे पत्राने आभार मानले होते. याउलट फ्रेंच विचारवंत काँदोर्सेने एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सच्या विधिमंडळापुढे जो आराखडा ठेवला, त्यात सर्व स्तरांवरील शिक्षण मोफत होते आणि प्राथमिक शाळा मुलींनाही खुल्या होत्या. चारशे लोकवस्तीच्या प्रत्येक ठिकाणी एक शाळा व एक शिक्षक असावा, आणि जिथे घरे विखुरलेली आहेत व अशी वस्ती सुमारे दोन किलोमीटरहून दूर पडते, तिथेही शाळा द्यावी, कारण विरळ वस्तीत जन्मलेल्यांना कमी मिळणे न्याय्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला हा त्या आराखड्यातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. त्याच सुमारास युद्ध पेटले आणि योजना बाजूला पडली. मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण फ्रान्समध्ये प्रत्यक्ष आले ते १८८१-८२ च्या कायद्यांनी.

१८८२ सालीच जोतीराव फुले यांनी ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून होणारा शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो, हे त्यांनी स्पष्ट सांगितले व प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. तरुणपणी त्यांनी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचले होते. पण या निवेदनाला धार आली ती इथल्या शेतकऱ्याची स्थिती डोळ्यांनी पाहिल्यामुळे.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीत खेड्यातील बहुजनांची मुले शिकली ती बहुतेक देवळांच्या सभामंडपांत आणि घरांच्या पडव्यांत भरणाऱ्या खासगी मराठी शाळांत, तीही ज्यांना तिथवर पोहोचता आले तीच. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आल्यावर खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि कुळांच्या, रेंदेरांच्या (माडाची सुर काढणाऱ्यांच्या), मजुरांच्या घरांतून पहिल्यांदा शिकलेली पिढी उभी राहिली. आज मोठ्या हुद्द्यांवर असलेल्या अनेकांचे पहिले अक्षर याच शाळांत गिरवलेले आहे.

पुढे ज्यांना शक्य होते त्यांनी आपली मुले अनुदानित शाळांत घातली. त्या शाळांना सरकारनेच बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, दिले. मागे उरली ती परप्रांतीय मजुरांची, धनगरवाड्यांवरची, अल्प उत्पन्नाच्या घरांची मुले, आणि त्यांना शिकवायला अनेक ठिकाणी चारही वर्गांना मिळून एकच शिक्षक. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या मुलाला चांगले मिळावे असे कोणाला वाटत नाही? परंतु गरिबांची शाळा वेगळी आणि इतरांची वेगळी अशी रचना सरकारी पैशातून घट्ट होत असेल, तर सर्व मुले शाळेत जातात एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ वाड्यांवर तर शाळा दूर गेली की पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलाने ओहोळ ओलांडून जायचे कसे, हाच पहिला प्रश्न असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या आदर्श नियमावलीत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा अपेक्षित आहे. म्हणून शिक्षण खात्याला विनंती अशी, की कोणतीही शाळा बंद करण्यापूर्वी त्या वाड्यापासून पुढील शाळेचे पायवाटेने मोजलेले अंतर जाहीर करावे आणि पालकांचे म्हणणे गावातच बसून ऐकावे. तसेच प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक व पूर्वप्राथमिक वर्ग द्यावा आणि मगच पटसंख्येचा हिशेब मांडावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सत्तरी