पथक पोहोचण्याआधीचे तास

पावसाळ्याआधीच सांगली-कोल्हापुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके तैनात ठेवण्याचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. निर्णय योग्यच आहे. मात्र पथक कितीही जवळ असले तरी पाणी घरात शिरल्यानंतरचे पहिले काही तास शेजाऱ्यांच्याच हाती असतात, हा मुद्दा त्यात निसटला. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली, तेव्हा पुरामुळे रस्ते बंद असल्याने मदत पोहोचण्यास मोठा विलंब झाला. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला बोट उपलब्ध होती, पण क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसल्याने ती उलटून जीवितहानी झाली. धाडस आपल्याकडे कमी नाही. परंतु आधी कोणाला न्यायचे, बोटीत किती जण बसवायचे आणि उरलेल्यांना ‘पुढच्या फेरीला’ असे ठामपणे कोणी सांगायचे, हे पाणी चढत असताना ठरवता येत नाही. आपत्तीत मदतीसाठी स्थानिक स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेच्या विस्तारात ३५० जिल्ह्यांसाठी एक लाख स्वयंसेवकांचे लक्ष्य होते, म्हणजे जिल्ह्याला सरासरी तीनशेही नाहीत. सांगलीसारख्या जिल्ह्यात ते गावागणिक एकही होत नाही. तेव्हा निवडक व्यक्तींबरोबरच पूररेषेतील प्रत्येक वाडी-गल्लीला एकत्रित प्रशिक्षण द्यावे, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी शेजाऱ्यांकडेच असावी आणि १ मेच्या ग्रामसभेला जोडून बोटीसह रंगीत तालीम घ्यावी.

– एक वाचक, सांगली