तुझ्या इन्स्पेक्टरचे काका

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

कादंबरीचे कागद बुधवारी कुरिअरने आले. दोन रात्रींत वाचून काढले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नाही, म्हणून तुझी आई ओरडतेय. तिला तूच समजाव.

आधी कचेरीतल्या गोष्टी बोलतो, त्या सोप्या आहेत. मोजमाप पुस्तिकेचं प्रकरण झकास जमलंय. न टाकलेल्या पाइपलाइनची मापं लिहायला शाखा अभियंता नकार देतो आणि आठ दिवसांनी विहिरीत सापडतो, तिथे मी पुस्तक खाली ठेवू शकलो नाही. पण तुझा खुनी ‘एमबी’तलं, म्हणजे त्याच मोजमाप पुस्तिकेतलं पान फाडतो आणि ते महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही, हे पटत नाही. त्या पानांवर छापील क्रमांक असतात. आकडा चुकला तर रेघ मारून बाजूला सही करायची, खोडरबर चालत नाही. पान गेलं तर ऑडिटवाला पहिल्या तासात विचारील. त्यापेक्षा खोट्या नोंदीखाली खरी सही दाखव. कचेरीत असंच होतं.

लाचलुचपतवाल्यांच्या सापळ्यात तू गुलाबी पाणी दाखवलंयस. चूक नाही. नोटांना फिनॉल्फ्थॅलिन लावलेलं असलं तर सोड्याच्या पाण्यात बोटं बुडवल्यावर पाणी गुलाबी होतं. मी पंच होतो तेव्हा मात्र अँथ्रासीनची पावडर होती. खोलीतले दिवे घालवले, अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला आणि त्या माणसाची बोटं, शर्टाचा खिसा निळसर चमकायला लागला. त्याच्याकडे बघवेना. आम्हा सरकारी नोकरांना असं पंच म्हणून बोलावून घेतात आणि कुठे जायचंय ते अगदी शेवटी सांगतात. मी पंच क्रमांक एक, म्हणजे तक्रारदाराबरोबर आत जाऊन बोलणं ऐकायचं. तक्रारदाराला बजावलेलं असतं, मागितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. सगळी केस त्या मागणीवर उभी असते.

म्हणूनच तुझा शेवट खटकला. तक्रारदार फितूर झाला आणि तुझा आरोपी त्याच दिवशी हसत बाहेर पडला. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय की तक्रारदार फिरला, वारला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. पंचाची साक्ष असतेच की. तुझ्या पंचाला तू नुसतं दारात उभं केलंयस, एक वाक्य दिलं नाहीस. (हा माझा राग समज.)

आता अवघड भाग. इन्स्पेक्टरला कळतं की बिलांवर तिच्या सख्ख्या काकांच्या सह्या आहेत, तेव्हा काकू ‘असले पैसे मला नकोत’ म्हणून बांगड्या काढून फेकते. मनू, असं कोणी फेकत नाही गं.

तू मोठ्या काकांवरून लिहिलंयस, हे मला दुसऱ्या प्रकरणातच कळलं. दादाचं टेबल चांगलं होतं, एवढंच घरात बोललं जायचं. पाकीट आलं की आजी ते देव्हाऱ्यात ठेवायची, दुसऱ्या दिवशी कपाटात जायचं. माझ्या डिप्लोमाची फी त्या कपाटातून गेली. आजोबांचं ऑपरेशनही. कुठून आले हे मी एकदाही विचारलं नाही, आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. तुझ्या इन्स्पेक्टरला घरात पुरावा शोधायचा असेल तर तिने बांगड्या बघू नयेत. जेवताना कोणता विषय निघाला की सगळे भाजीचं कौतुक करतात, ते बघावं.

सापळ्याच्या दिवशी घरी यायला रात्रीचे अकरा झाले. दादा आलेला होता, ओसरीवर बसलेला. ‘एवढा उशीर?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘पंच म्हणून नेलं होतं.’ त्याने कुठे, कोणाचा, काहीच विचारलं नाही. चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवून उठला. त्यानंतर वर्षभर तो आमच्याकडे आला नाही. दिवाळीला फराळाचा डबा मात्र काकूंनी पाठवला, नेहमीसारखा. मी चकली खाल्ली.

हे सगळं तू घालावंस असं नाही. पण काका-पुतणीची शेवटची भेट पोलीस ठाण्यात नको, ओसरीवर घे. आणि तिला इतकी भाषणं देऊ नकोस. तिची फी कोणी भरली होती, हे तिला आठवू दे.

पेन्सिलीच्या खुणांसकट कागद सोमवारी परत पाठवतो. पान 112 वर आईने हळद सांडलीय.

काल दादा आला होता. आता काठी लागते त्याला. टेबलावरचा गठ्ठा बघून म्हणाला, ‘पोरीने काय लिहिलंय?’ मी म्हटलं, ‘पोलिसांची गोष्ट आहे.’ तो म्हणाला, ‘बरं.’ मग आम्ही पावसाबद्दल बोललो.

तुझा,
बाबा