आई-बाबा, दिवाळीला नाही, डिसेंबरात येते

कुम्बुको, सेआरा, ब्राझील
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती, बाबांनी "बरं, जपून" म्हणून फोन ठेवला असता आणि मला पुढचं काही बोलताच आलं नसतं. म्हणून लिहायला बसले. परतीचं तिकीट मी २८ ऑक्टोबरवरून १ डिसेंबरवर नेलंय. गणपती चुकलेच, आता दिवाळीही चुकणार. तिकिटाचे पैसे भरून झालेत, तेव्हा विचारायला म्हणून हे पत्र नाही, हे मला कळतं. पण असं का केलं ते तुम्हाला नीट कळावं, एवढं मनापासून वाटतं.

सगळं वाऱ्यावर आहे, कारण काइटसर्फिंग म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभं राहून पाण्यावरून जाणं. आपल्याकडे पहाटे मतलई आणि दुपारी खारा, असा दिवसात दोनदा फिरणारा वारा. इथे वाहतात ते व्यापारी वारे, महिनोन्‌महिने एकाच बाजूने. विषुववृत्त इथून जेमतेम साडेतीन-पावणेचार अंश उत्तरेला आहे. पाऊस पाडणारा ढगांचा पट्टा या महिन्यांत वर सरकलेला असतो, म्हणून आग्नेयेचा वारा मोकळा सुटतो. फेब्रुवारी ते मे तो पट्टा खाली उतरतो, पाऊस लागतो आणि वारा पडतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा खरा हंगाम: सकाळी दहापर्यंत मंद, मग दुपारी २०-२५ नॉट, म्हणजे ताशी ३७ ते ४६ किलोमीटर, रोजच्या रोज. २८ तारखेला निघाले असते तर ऐन भरातला महिना सोडून आले असते. विमानाचं भाडं, दोन वर्षं साठवलेली रजा आणि व्हिसाची खटपट पुन्हा लवकर जमणारी नाही. व्हिसाचे ९० दिवस धरूनच १ डिसेंबर ठरवलाय, एक दिवसही वर जात नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथून जेरिकोआकोआराला निघायचं आहे, पाण्यावरून, वाऱ्याच्या दिशेने, सुमारे अडीचशे किलोमीटर. बाबा नकाशा काढून बसतील म्हणून गावं लिहिते: कुम्बुको, पाराकुरु, लागोइन्या, इकाराइझिन्यो, प्रेआ, जेरिकोआकोआरा. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर, सहा दिवस. एकटी नाही, सहा जण, एक वाटाड्या, आणि किनाऱ्याने वाळूवर चालणारी बग्गी. तिच्यात पाणी, सामान, जास्तीचे पतंग. ज्याला थकवा आला त्याने बाहेर येऊन बग्गीत बसायचं, त्यात कमीपणा कोणी मानत नाही.

बाबा, वारा समुद्रात ओढून नेईल ही धास्ती तुमच्या मनातून गेलेली नाही. माझ्याही नाही. म्हणून आधी दिशेचं सांगते. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की इथला वारा उजव्या खांद्यावरून, थोडा पाण्याकडून जमिनीकडे तिरका येतो. पतंग फाटला, दोरी तुटली, अंगात त्राण उरलं नाही, तरी माणूस तिरका वाहत किनाऱ्यालाच लागतो. जमिनीकडून पाण्याकडे वारा असेल त्या दिवशी पतंग पिशवीतून बाहेरही काढायचा नाही, हा इथला पहिला नियम. मतलई सुटल्यावर होडी कशी बाहेर ओढली जाते हे तुम्हीच मला शिकवलंत.

घात करणारी जागा एकच, नदीचं मुख. ओहोटी लागली की खाडीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं, आणि उधाणाला इथे भरती-ओहोटीत जवळजवळ तीन मीटरचा फरक पडतो. त्यामुळे मुखं ओलांडायची ती चढत्या भरतीला. वेळ जुळली नाही तर किनाऱ्यावर उतरून बग्गीबरोबर तराफ्याने पलीकडे जायचं. दुसरी काळजी खुंटांची. इतारेमा-आकाराउच्या पट्ट्यात कोळी उथळ पाण्यात लाकडी खुंट रोवून माशांसाठी कूड बांधतात. भरतीत त्यांची टोकं बुडतात आणि वरून काहीच दिसत नाही. तिथे आत शिरायचं नाही, कुडांच्या बाहेरून लांब वळसा घ्यायचा. वाटाड्याला प्रत्येक कूड माहीत असतो.

आई, तू विचारलं होतंस की वाऱ्याने उडवून नेलं तर? जाणत्या माणसाला विचारलं तर तो सांगेल की मोठ्या दुखापती बहुतेक वाळूवर होतात, पतंग चढवताना आणि उतरवताना. पाण्यावर पडलं तर पाणी लागतं, वाळूवर भिंत, झाड, गाडी लागते. म्हणून वाळूवरची पंधरा मिनिटं मी सगळ्यात हळू काढते. पतंग म्हणजे रबरी नळ्यांत हवा भरलेलं कापड. पंपाच्या काट्यावर ७ आल्याशिवाय थांबत नाही. हवा कमी राहिली तर झुळकीत तो मधोमध दुमडतो. मग बावीस मीटरच्या चार दोऱ्या वाळूवर पसरून एकेक बोटांतून ओढत चालत जायचं. पीळ, गाठ, तुटका धागा हाताला लागतो, डोळ्याला दिसत नाही. लाल टोक डाव्या हाताकडे. सुरक्षेची दोरी हार्नेसला, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याला, अडकवली का, हे पतंग धरणाऱ्या माणसाकडूनही बघून घ्यायचं. वारा जातो त्या दिशेला, माझ्या थेट समोर पतंग धरून चढवला तर तो एका झटक्यात पूर्ण ओढ घेतो, म्हणून बाजूला, वाऱ्याच्या कडेवर धरायचा. एकटीने चढवत नाही. वारा जातो त्या बाजूला माझ्यापुढे मोकळी जागा नसेल तर थांबते.

वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. श्रावणातल्या पावसात छत्रीचं जे होतं तेच. त्यामुळे तीन पतंग आहेत. माझ्या अठ्ठावन्न किलोंना सकाळच्या मंद वाऱ्यात ९ चौरस मीटरचा, दुपारी ७ चा आणि तीस नॉटकडे गेला की ५ चा. शंका आली तर लहान पतंग काढायचा.

आणि सगळंच बिघडलं तर? कमरेपाशी लाल मूठ आहे, ती पुढे ढकलली की पतंग एकाच दोरीवर लोंबकळतो, त्याची ओढ जाते. मग बार, म्हणजे दोऱ्या बांधलेला दांडा, हातात घेऊन आधी फक्त तीच सुरक्षेची दोरी गुंडाळायची, सहा-सात मीटर, आणि बारला अडकवून टाकायची. मगच बाकीच्या. इथेच लोक चुकतात. पहिल्यापासून चारही दोऱ्या एकत्र गुंडाळल्या की त्या सारख्या ताणल्या जातात, पतंग पुन्हा वारा धरतो आणि दोरी बोटं कापते. हाताला दोरीचा वेढा कधीही द्यायचा नाही. पतंगापर्यंत पोचलं की हवा न सोडता त्याच्यावर छाती टेकायची, एक टोक वाऱ्यात धरायचं. तो शिडासारखा किनाऱ्याकडे घेऊन जातो. हा सराव दर आठवड्याला उथळ पाण्यात, काउइपेच्या तळ्यात करते. गळ्याशी दोरी कापायचा वाकडा चाकू असतो, डोक्यावर हेल्मेट, अंगात तरंगणारं जाकीट.

आता जे लपवलं ते. सप्टेंबरच्या शेवटी आठ दिवस मी "वारा कमी आहे" म्हणत होते, ते खरं नव्हतं. हार्नेस सैल राहिला, वर सरकला आणि पडताना त्याचा आकडा बरगड्यांवर बसला. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, नुसता मुका मार. आठ दिवस खोकतानाही दुखायचं, आता काही नाही. हार्नेस बदलून घेतलाय, तो कमरेवर घट्ट बसतो. तेव्हा सांगितलं असतं तर आई झोपली नसती. तरी खोटं बोलायला नको होतं. माफ करा.

लांबच्या मुक्कामात कंटाळा येतोच. अंगभर वाळू, भेगाळलेले ओठ, तळपायाला कायम काहीतरी टोचलेलं. सामानही थकतं. उन्हात फुगवलेला पतंग ठेवला की व्हॉल्व्हचा गोंद सुटतो आणि हवा हळूहळू जाते. मग आतली नळी बाहेर ओढायची, साबणाच्या पाण्यात बुडबुडा शोधायचा, जागा स्पिरिटने पुसून ठिगळ लावायचं. महिन्याभरात पुढच्या दोन दोऱ्या भार सोसून ताणल्या जातात, मागच्या त्या मानाने आखूड पडतात आणि पतंग मागे मागे ओढत पाण्यात बसतो. वारा कमी झालाय असं वाटतं, दोष दोऱ्यांचा असतो. चारही टोकं एका खुंटीला अडकवून, बार ओढून बघायचा. तो तिरका झाला किंवा मागच्या दोऱ्या आधी ताणल्या गेल्या तर टोकाची गाठ एक घर सरकवायची. दर रविवारी करते. बारमधून जाणारी दोरी मीठ आणि वाळूने आतून झिजते, सगळा भार तिच्यावर, म्हणून तिचं वरचं वेष्टण केसाळ दिसायला लागलं की लगेच बदलायची. बाबा, तुम्ही पंपाचा पट्टा बोटाने दाबून बघता ना, तसंच.

आता खाण्याचं, कारण आईने पत्राची ही बाजू आधी वाचली असणार. खोली स्वच्छ आहे, जाळीच्या खिडक्या, पंखा, व्हरांड्यात कापडी झोळी. प्यायला वीस लिटरचा जार. चवळी-भात एकत्र शिजवून त्यावर ताज्या चीजचे तुकडे, हे इथलं रोजचं जेवण; लसणीची फोडणी असते, फक्त हळद नाही. आणि सकाळी टापिओका. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याचंच ओलसर पीठ. कोपऱ्यावरची आजी ते चाळणीतून गरम तव्यावर भुरभुरवते. तेल नाही, पाणी नाही. तिचा हात तव्यावर गोल फिरतो, पिठाचे दाणे एकमेकांना धरतात आणि अर्ध्या मिनिटात पांढरं धिरडं कडेने सुटून वर येतं. त्यावर ओलं खोबरं पसरून घडी घालते. संकष्टीला चालेल असं आहे, चालवलंही.

काजूचंही सांगायचं राहिलं होतं. आपला काजू इथलाच, पोर्तुगीजांनी गोव्यात नेला आणि नावही इथल्या लोकांच्या बोलीतलंच. इथे आता बोंडांचा हंगाम आहे. बाजारात गेलं की तो वास येतो आणि मे महिन्यातल्या मागच्या अंगणात, बाबांच्या पाठीमागून बी पिळत फिरणारी मी आठवते, हाताला चीक लागला की खोबरेल लावायला आईकडे पळणारी. कोळ्यांची शिडाची लाकडी होडी आहे तिला 'जांगादा' म्हणतात. तो शब्द उलट मलबारातून पोर्तुगीजांबरोबर इकडे आला, आपल्या 'सांगड'च्या कुळातला. त्यामुळे अगदी परकं वाटत नाही इथे.

माझी काळजी मिटली असं समजून आता तुमचं ऐका. बाबा, काजूला पालवी आलीय, ढेकण्याची फवारणी होईल, ती गड्याकडून करून घ्यायची. स्वतः पाठीवर पंप घ्यायचा नाही. साखर सकाळी उपाशीपोटी तपासून वहीत लिहायची, तोंडी सांगितलेली मी धरणार नाही. रोज रात्री तळपाय आरशात बघायचे, खरचटलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बागेत अनवाणी नाही. आई, माळ्यावर चढायचं नाही, फराळाचे मोठे डबे दादा काढेल, त्याला सांगितलंय. चकल्या यंदा विकत आणा; करंज्या कराव्याशाच वाटल्या तर वहिनी आल्यावर, खुर्चीत बसून. पहिल्या आंघोळीला न्हाणीघरात रबरी चटई घालून ठेव. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही.

इथे सकाळचे सात म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन, चहाची वेळ. रोज तेव्हाच फोन करीन. प्रवासाच्या सहा दिवसांत रेंज नसेल तिथून मुक्कामी पोचल्यावर मेसेज टाकीन. इथे साडेपाचला अंधार होतो, तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजलेले असतात. जागत बसू नका, सकाळी उठून बघा. विम्यात या खेळाचं नाव लिहून घेतलंय, साध्या प्रवासविम्यात ते धरत नाहीत. त्याची प्रत आणि वाटाड्याचा नंबर दादाकडे आहे. पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच आहे, मुंबईला उतरल्यावर ते लागतं.

लक्ष्मीपूजनाला माझ्या नावची पणती तुळशीपाशी लाव, आई. आणि बाबांना मापाची चप्पल घ्यायची आहे, ती दादाबरोबर जाऊन याच आठवड्यात घ्या, मागच्यासारखी एक नंबर मोठी नको.

तुमची,
मनू