सुमे, आप्पांना एक फोन कर

पुणे, रात्र बरीच झाली आहे

प्रिय सुमे,

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर बोलायला लागले की आप्पा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात, आणि विषय त्यांचाच आहे. मी बरी आहे. शिरीषची शुगर होती तिथेच. आप्पा ठणठणीत, आणि सगळी अडचण तीच आहे.

मनूची अ‍ॅलर्जी टेस्ट झाली. हातावर पेनने रेघा मारल्या, प्रत्येक रेघेशी एक थेंब, थेंबातून सुईचं टोक, आणि मग वीस मिनिटं खाजवायचं नाही. पोरगी ओठ चावून बसली होती. धुळीतल्या माइटची (डोळ्यांना न दिसणारा किडा तो) गांधी डाळीएवढी उठली आणि गाजर गवताची तिच्या दुप्पट. हसलीस ना? शिबिरात ‘गाजर गवत हटाव’ म्हणत तू ते हातमोजे न घालता उपटलंस आणि कोपरापर्यंत सुजलीस, तेव्हा मीही अशीच हसले होते. अजून माफ केलं नाहीस, माहीत आहे. आणि ते गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं तेही पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमाराला. पहिलेपणाची हौस आपल्या गावाला जुनीच!

मग डॉक्टरांनी विचारलं, घर रस्त्यापासून किती लांब? म्हटलं, रस्ता घरातच आहे. नळ स्टॉपची आमची गॅलरी तू पाहिली आहेस. आता समोर मेट्रोचे खांब आणि उड्डाणपूलही आला. आप्पा रोज सकाळी ओल्या फडक्याने तुळशीचं एकेक पान पुसतात. फडकं काळं होतं, ते पिळतात, वाळत घालतात आणि म्हणतात, “हवा छान आहे आज.”

डॉक्टर म्हणाल्या, गवत काय, माइट काय, सगळीकडेच आहेत. पण डिझेलच्या धुराचे बारीक कण नाकाच्या अस्तरावर बसलेले असले की तेच परागकण जास्त झोंबतात. लॉस एंजेलिसला हे लोकांच्या नाकातच करून पाहिलंय. रॅगवीडचे परागकण (आपल्या गाजर गवताचा भाऊबंदच तो) एकदा नुसते घातले आणि एकदा धुराच्या कणांबरोबर. धूर जोडीला होता तेव्हा अ‍ॅलर्जीची प्रतिद्रव्यं कितीतरी जास्त निघाली.

आणि हे तर तुझ्याच लंडनचं. साठ दमेकऱ्यांना दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवलं, आणि दुसऱ्या एका दिवशी हाइड पार्कमध्ये. रस्त्यावर फक्त बस आणि टॅक्सी, बहुतेक सगळ्या डिझेलच्या. फुंकरीचा जोर मोजला तर रस्त्यावर तो जास्त उतरलेला, जास्तीत जास्त सहा टक्क्यांपर्यंत. २००७ साली छापून आलंय. तू तिथे सेल हुडकत फिरतेस, म्हणून सांगितलं.

माझ्या डोक्यातून जात नाही तो मात्र स्टॉकहोमचा प्रयोग. सौम्य दमा असलेल्या वीस जणांना अर्धा तास बोगद्यात गाडीत बसवलं आणि चार तासांनी परागकण हुंगवले. ज्यांनी बोगद्यात जास्त नायट्रोजन डायऑक्साइड (गाड्यांच्या धुरातलाच वायू) ओढला होता, त्यांच्या श्वासनळ्या जास्त आवळल्या. चार तासांनी, सुमे! मनूची रिक्षा संध्याकाळी सिग्नलला बसच्या ढुंगणाशी उभी असते. घरी येते तेव्हा टणटणीत, खाते-पिते, भांडते. दहा वाजले की उशीत तोंड खुपसून सूं सूं सुरू. मी आपली गादी झटकतेय, उशीचे अभ्रे उकळतेय!

दमा रात्री तसाही वाढतो, हे मला कळतं. पण दिवाळीत दापोलीला मावशीकडे जुन्या कापसाच्या गाद्या होत्या, अंगणात हे एवढं गवत. शिंकून शिंकून नाक लाल झालं, पण दम्याचा पंप पिशवीतून बाहेर काढावा लागला नाही. एवढ्यावरून सिद्धांत मांडू नये म्हणशील. मांडते.

सगळ्यात चिडवणारी गोष्ट अशी की पुणं सोडायची गरजच नाही. गाड्यांच्या धुरातले सगळ्यात बारीक कण रस्त्यापासून तीनशे मीटरवर बरेच निवळतात. म्हणजे चार गल्ल्या आत. प्रभात रोडच्या एका गल्लीत मागच्या बाजूचा फ्लॅट बघून आलो. भाडं ऐकून शिरीषने पाणी मागितलं, पण नाही म्हणाला नाही. दादा बंगलोरहून म्हणतो, एअर प्युरिफायर घ्या. घेतलाय. तो खोलीत बसतो, मनू रिक्षात.

आणि आप्पा! “स्वतःचं घर सोडून भाड्याने? या रस्त्यावर मी सायकल चालवली आहे.” चालवली, तेव्हा पुणं सायकलींचंच होतं. “पंपाची सवय लावू नका, आडुळसा द्या.” आणि शेवटी हुकमी पत्ता: “तू इथेच वाढलीस ना? काय झालं तुला?”

काय झालं ते तुला माहीत आहे. विसर्जनाची रात्र, मला वाक्य पुरं करता येईना, आप्पा म्हणाले नाटक करते आहे, उद्या परीक्षा आहे ना. आणि तू “अभ्यासाला नेते” म्हणून मला लूनावर मागे बसवलंस, मिरवणुकीतून वाट काढत दवाखान्यात नेलंस, नेब्युलायझर लावेपर्यंत माझा हात धरून डॉक्टरांनाच दमात घेतलंस. पहाटे परत आलो तर आप्पांनी विचारलं, “झाला का अभ्यास?” आणि तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, “श्वसनसंस्था झाली.” आई पदर तोंडाला लावून आत गेली. तिला कळलं होतं. आप्पांना आजतागायत माहीत नाही.

मी सांगितलं तर ते भांडण होईल. तू एवढ्या वर्षांनी सांगितलंस की तीन पत्त्यांत तुझ्याकडून हरल्यासारखे गप्प होतील आणि दोन दिवसांनी स्वतःच विचारतील, त्या फ्लॅटला गॅलरी आहे का. आहे. तुळशीपुरती.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? नीलची बारावी, म्हणजे तिथे जे काय म्हणतात ते, झालं का? नोकरीचं नीट लिही, मागच्या वेळी दोन ओळींत उरकलंस. आणि तू स्वतः पंप नियमित घेतेस की अजून पर्समध्ये तळाशी ठेवतेस?

आप्पांना संध्याकाळी पाचला कर, चहाच्या वेळी. तिकडे सकाळचे साडेअकरा असतील. लँडलाइनवरच कर, मोबाइल ते उचलत नाहीत.

तुझी,
वंदी