निळी खूण ही पोच आहे, उत्तर नव्हे

संपादक महोदय,

‘निळे झाले, तरी उत्तर नाही’ हे आता नात्यागोत्यांत रुसायला पुरेसे कारण ठरू लागले आहे. व्हॉट्सॲपवर २०१४ मध्ये आलेल्या या निळ्या खुणेला मान-अपमानाचा अर्थ आपणच चिकटवला. एक राखाडी खूण म्हणजे निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमधून निघाला. दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. त्या निळ्या झाल्या म्हणजे तिथे ते संभाषण उघडले गेले, इतकेच. कोणी उघडले, शेवटपर्यंत वाचले का, हे खुणेला कळत नाही. फोन मुलाच्या हातात असतो. कधी संभाषण उघडे असतानाच दाराची बेल वाजते, माणूस उठतो आणि मागे आलेला निरोप न वाचताच निळा होतो. उलट, पडद्यावर झळकणाऱ्या नोटिफिकेशनमध्येच वाचून घेतले तर खुणा राखाडीच राहतात.

ग्रुपमध्ये तर सगळ्यांनी उघडल्याशिवाय खूण निळी होत नाही. एकाचा फोन बंद असला की संपले. तरीही आपल्या निरोपावर बोट दाबून धरायचे, ‘इन्फो’त जायचे आणि कोणी किती वाजता वाचले याची हजेरी घ्यायची, हा उद्योग घरोघरी चालतो. (लग्नाच्या याद्यांनंतर भांडणाचे इतके हक्काचे साधन दुसरे नसावे.)

सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी’त जाऊन ‘रीड रिसीट्स’, म्हणजे वाचल्याची पोच, बंद करता येते. मग इतरांच्या निळ्या खुणाही आपल्याला दिसत नाहीत. शिवाय ग्रुपला आणि व्हॉइस मेसेजला ही सोय लागू नाही. ‘मार्क ॲज अनरीड’ केल्याने निळी झालेली खूण मागे फिरत नाही. ‘अनरीड’ची ती नोंद फक्त आपल्यासाठीची आठवण. आणि घरच्या माणसांपासून लपण्यासाठी ‘रीड रिसीट्स’ बंद केले तर संशय वाढतोच.

त्यापेक्षा पत्रव्यवहारातली पोच देण्याची रीत बरी होती. ‘वाचले, रात्री लिहितो’ एवढे टंकायला पाच सेकंद लागतात. विचारणाऱ्यानेही ‘सहापर्यंत कळव’ असे निरोपातच लिहावे. मुदत नसलेल्या प्रश्नाला उशीर कसा होणार? तातडी असेल तर सरळ फोन करावा. रुग्णालयात हलवल्याची बातमी लिहून खूण निळी होण्याची वाट पाहणारे लोक आहेत, याचे मात्र खरोखर नवल वाटते.

– एक वाचक