मला काही झालेलं नाही

ती. आई आणि ती. बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, दिवाळी अंकातली माझी गोष्ट वाचून तुम्ही फोनवर दोनच प्रश्न विचारलेत. शनीच्या टायटन या चंद्रावर मिथेनचा पाऊस पडतो हे ठीक, पण तिथली माणसं श्वास कशात घेतात, हा पहिला. आणि गोष्टीतलं ते पात्र, धड बाई नाही, धड पुरुष नाही, ते तू आहेस का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी कसंबसं दिलं. दुसऱ्याच्या वेळी आईने फोन काढून घेतला, "आमचं काही चुकलं का?" एवढंच विचारलं आणि गाडी गुडघ्याच्या तेलावर नेली. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. कागदोपत्री मी तुमची मुलगी. पण मला स्वतःला बाई म्हणवत नाही, आणि पुरुषही म्हणवत नाही. हे पुण्याला आल्यावर लागलेलं खूळ नव्हे. आई, एका नवरात्रात मी हट्टाने दादाचं केडियू, मुलग्यांचा तो गरब्याचा अंगरखा, घातलं होतं, डोक्याला फेटा तूच बांधून दिलास. आपल्या बडोद्याच्या गल्लीतल्या, पोळातल्या, गरब्यात कोणीतरी तुला विचारलं, "आ कोनो छोकरो?" आणि तू आरतीचं ताट सावरत म्हणालीस, "अमारो ज छे." आमचाच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चणियाचोळी. त्या रात्री मला फार मोकळं वाटलं होतं. मुलगा म्हटलं म्हणून नव्हे. विचारणारीला नक्की कळत नव्हतं आणि तरी गरबा चालूच राहिला, म्हणून.

आता "चुकलं का" याबद्दल. आई, तू कीर्तनातून आणि पोथ्यांतून हे सगळं माझ्याआधी ऐकलेलं आहेस. अर्जुनाची बृहन्नडा झाली ती उर्वशीच्या शापाने. सुद्युम्न त्या वनात शिरला आणि त्याची इला झाली. शिखंडीला यक्षाने आपलं पुरुषत्व उसनं दिलं. आणि अनुशासनपर्वातला भंगास्वन राजा: इंद्राच्या रागापायी सरोवरात उतरला तो बाई होऊन बाहेर आला, आणि शेवटी इंद्राने विचारलं तेव्हा बाईच राहीन म्हणाला. (कारण काय दिलं ते मी इथे लिहिणार नाही, बाबांना विचार.) लोक हल्ली या कथा प्रमाणपत्रासारख्या पुढे करतात, बघा आमच्याकडे सगळं होतं म्हणून. मला त्यांचा तेवढा आधार वाटला नाही. कारण प्रत्येक कथेत कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. शाप, वर, राग, उसनवारी. तुझा प्रश्न तिथूनच आलाय. शाप असेल तर अपराधही शोधावा लागतो.

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला अर्सुला के. ल ग्विन या अमेरिकन लेखिकेची १९६९ ची कादंबरी मिळाली, 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'. गेथेन नावाचा गोठलेला ग्रह. तिथली माणसं महिन्यातले बहुतेक दिवस बाईही नसतात आणि पुरुषही नसतात. थोडे दिवस 'केमर' येतो, तेव्हा कोणी बाई होतं, कोणी पुरुष, आणि पुढच्या वेळी उलटही होऊ शकतं. एका मुलाला पोटात वाढवलेलं माणूस दुसऱ्या मुलाचा बाप असू शकतं. राजालाही दिवस जातात. हे सगळं ती अशा सुरात सांगते, जसं आपण बडोद्याला मे महिन्यात उकडतं म्हणून सांगावं. उलट परग्रहावरून आलेला जेन्ली आय नावाचा दूत बाराही महिने पुरुषच असतो, म्हणून तिथल्या लोकांना तोच विकृत वाटतो!

गेथेन खोटा आहे, मला केमर येत नाही, माझं शरीर आहे ते आहे. सुरुवातीची राजकारणाची पानं तर मला रटाळच वाटली. पण त्या ग्रहावर कोणालाच काही *झालेलं* नसतं. शाप नाही, उपचार नाही, आईबापांची चूक नाही. असं जग कोणीतरी बसून, हवामानासकट, नीट रचलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मग माझ्या मनातला तपास थांबला. आई, तुझाही थांबव.

बाबा, तुमच्यासाठी दुसरी गोष्ट. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' पाठवली आणि बक्षीस मिळवलं, हे तुम्ही मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून त्यांचं पुस्तक आणलं की दर वेळी सांगायचात. आद्याक्षरं उलटी केली हे तर टाळी मागून. त्याच सुमारास अमेरिकेत जेम्स टिपट्री ज्युनियर हे विज्ञानकथेतलं मोठं नाव होतं. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या विज्ञानकथालेखकाने टिपट्रीच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत छातीठोकपणे लिहिलं, की या लेखनात काहीतरी अटळपणे पुरुषी आहे. थोड्याच काळात कळलं, टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन. महायुद्धात सैन्याच्या गुप्तवार्ता विभागात, नंतर सीआयएत काम केलेली बाई, आणि नाव उचललं होतं मार्मलेडच्या बरणीवरून. नारळीकरांचं उसनं नाव निकाल लागताच संपलं. शेल्डनचं अनेक वर्षं चाललं, आणि त्या नावाने लिहिणारं माणूस खोटं होतं असं मला वाटत नाही.

ल ग्विनचं आणखी एक. तिने गेथेनच्या सगळ्या माणसांना इंग्रजीतलं 'he' (तो) हे पुरुषी सर्वनाम वापरलं, त्यावर टीका झाली. आधी तिने त्याचं समर्थन करणारा निबंध लिहिला. मत बदलल्यावर तोच निबंध, जुनं न खोडता, मध्ये मध्ये नवी मतं घालून पुन्हा छापला. मला हे फार आवडतं. दिवाणखान्यातला परकर-पोलक्यातला फोटो म्हणूनच काढू नका. तो खरा आहे. शेजारी एक आत्ताचा लावा, मी पाठवेन. केस बारीक आहेत, आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कायद्याची काळजी बाबांना असेल. आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्यालाच, असं सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात म्हटलेलं आहे. कागद बदलायचे की नाही ते माझं अजून ठरलेलं नाही. घाई नाही.

डिसेंबरात येईन. ते पुस्तक आणेन, बाबांनी स्वतः वाचावं, आईला मी मराठीत सांगेन. बर्फावरून दोघं स्लेज ओढत जातात तो भाग तिला नक्की आवडेल. हाक चिनू अशीच मारा. राहिला प्रश्न आत्याचा. तिला इतक्यात काही सांगू नका. दिवाळी अंकात ती फक्त राशिभविष्य वाचते.

तुमचं,
चिनू